गोनीदा : चालत वाचलेला महाराष्ट्र
(स्वागताध्यक्षीय भाषण)





दुर्ग, प्रवास आणि इतिहास यांवर लिहिणाऱ्यांचं संमेलन दादरला कशासाठी, असं काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. माहीम, शीव, शिवडी इथले किल्ले आसपास आहेत, पण दादरला स्वतःचा किल्ला नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करण्यासाठी आखलेली ही वस्ती. १९२५ साली खुलं झालेलं इथलं मैदान आधी माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १९०७ पासूनचं दादर सार्वजनिक वाचनालय इथलेच. आणि शनिवारी रात्री फलाटावर पाठीला सॅक लावून कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलची वाट बघणारी पोरंही इथलीच.

या पोरांच्या सॅकमध्ये कित्येक वर्षं ज्या लेखकाचं पुस्तक असायचं, त्या गोपाळ नीलकंठ दांडेकरांची, म्हणजे गोनीदांची आठवण आज या व्यासपीठावरून काढायची आहे.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, विदर्भातल्या परतवाड्याचा. मूळ गाव दापोलीजवळचं गुडघे. स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीनं शाळकरी वयात त्यांनी घर सोडलं. मग गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, वेदान्त शिकले, नर्मदेची परिक्रमा केली, औंधला वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांच्याकडे काम केलं. पुढे तळेगाव दाभाड्याला स्थिरावले आणि लेखणीवर संसार केला. महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या या माणसाच्या ‘स्मरणगाथे’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८१ मध्ये अकोल्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

त्यांचं प्रवासलेखन तिकीट, मुक्काम आणि प्रेक्षणीय स्थळं यांच्या हिशेबात बसत नाही. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये नर्मदाकाठ दिसतो तो परिक्रमावासीयाला भाकरतुकडा देणाऱ्या, कधी हाकलूनही लावणाऱ्या माणसांमधून. भाक्रा-नांगलच्या धरणावर लिहायचं ठरलं, तेव्हा ते सतलजच्या काठी जाऊन राहिले आणि ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी झाली. ठाकर आदिवासींच्या जगण्यावर ‘जैत रे जैत’ लिहिली. १९७७ साली जब्बार पटेलांनी त्यावर चित्रपट केला आणि कादंबरीतला लिंगोबाचा डोंगर थिएटरात पोचला.

किल्ल्यांशी तर त्यांचं घरोब्याचं नातं. राजगड, रायगड, राजमाची इथे ते पुन्हापुन्हा गेले. कॅमेरा घेऊन गेले, मुक्कामाला राहिले, तरुणांना सोबत नेलं. बुरूज, चोरवाटा, पाण्याची टाकी यांच्याइतकीच तिथली झाडं, पाखरं आणि गडाखालच्या वाड्यांतली माणसं त्यांच्या लेखनात आली. ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून गड चढायला लागलेले अनेक जण आज या सभागृहात असतील.

शिवकाळावर त्यांनी ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ अशा पाच कादंबऱ्या लिहिल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या कादंबऱ्या म्हणजे पुरावे नव्हेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी दप्तरं धुंडाळून जे काम केलं ते वेगळं आणि गोनीदांचं वेगळं. राजवाड्यांच्या कामाची कसोटी कागद. गोनीदांनी डोंगर, वारा, बोली आणि कष्टकरी माणूस नजरेसमोर उभा केला. लोकप्रिय इतिहास लिहिणाऱ्यानं दोन्हींतलं अंतर ओळखलं नाही, की कल्पित प्रसंगाला दाखला म्हणून पुढे केलं जातं. हल्ली हे वारंवार घडतं. त्यात दोष कादंबरीकाराचा कमी आणि न तपासता उतरवून घेणाऱ्यांचा जास्त.

दादर-परळ-लालबागशी त्यांच्या पुस्तकांचं एक आतलं नातं आहे. ‘पडघवली’मध्ये अंबावहिनीच्या डोळ्यांदेखत कोकणातलं एक गाव विस्कटत जातं. अशा गावांतून निघालेली माणसं बोटीनं आणि एसटीनं मुंबईला आली, गिरणगावच्या चाळींत राहिली, गिरण्यांच्या भोंग्यावर उठली. ‘माचीवरला बुधा’ त्याच्या उलट वाटेनं जातो. तो मुंबई सोडून राजमाचीजवळच्या टेमलाईच्या पठारावर परततो. मुंबईतल्या कितीतरी घरांत अशी एक जाण्याची आणि एक परतण्याची गोष्ट आहे. तेव्हा हे संमेलन दादरला का, याचं खरं उत्तर हेच. गडाखालच्या वाड्यांमधल्या माणसांचे नातेवाईक इथे राहतात.

१ जून १९९८ रोजी गोनीदा गेले. त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव आणि कुटुंबीयांनी १९७५ पासून सुरू केलेल्या कादंबरी-अभिवाचनांतून त्यांचे शब्द नव्या श्रोत्यांपर्यंत जात राहिले. आता तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आहेत. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, साल्हेर, खांदेरी त्यात आहेत. राजमाची नाही, आणि यादीबाहेरचे गड शेकड्यांनी आहेत.

या यादीनं गर्दी वाढेल, पुस्तकं वाढतील, चित्रफिती तर वाढल्याच आहेत. म्हणून संमेलनाकडून स्वागत समितीची अपेक्षा साधी आहे. प्रत्येक प्रतिनिधीनं यादीत नसलेला एक गड निवडावा. तिथे मुक्कामाला राहावं. टाक्यांची, वाटांची, शेतांची स्थानिक नावं वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून टिपून घ्यावीत. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहावी. ऐकीव ते ऐकीव आणि कागदातलं ते कागदातलं, असं वेगळं ठेवावं आणि त्याची एक प्रत जवळच्या वाचनालयाला द्यावी.

चहापाण्यात, निवासात काही उणं राहिलं तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. चर्चेत मात्र कुणीही कुणाला सांभाळून घेऊ नये, ही विनंती.