घोंगडीची ऊब
झोपेत आपल्या शरीराचं तापमान थोडं उतरतं आणि अंगातून रात्रभर ओलावा बाहेर पडत राहतो. पांघरुणात तो कोंडला, की घाम येऊन जाग येते. लोकर इथेच वेगळी ठरते. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प ती शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते आणि ही हवाच ऊब धरून ठेवते.

मेंढरांसोबत उघड्या माळावर मुक्काम करणारे आपले धनगर घोंगडीच्या भरवशावरच निजत आले आहेत. घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची, जाडीभरडी असते. सणगर विणकर ती मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे नवी घोंगडी कडक लागते, टोचतेसुद्धा. म्हणून ती खाली अंथरा, किंवा मध्ये सुती चादर घ्या. वापरून वापरून ती मऊ होते. वारंवार धुऊ मात्र नका. झटकून ऊन दाखवा.

खरी लोकर ओळखायची तर एक सुटा धागा जपून जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिकचा धागा वितळतो, त्याची कडक गोळी होते.