पंढरीच्या दारातला उपास आणि आमचे आजे
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)

 

मंडळी म्हणाली, बुवा, दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला. आम्ही चौथी शिकलेलो. पण शेती सोडली तर चाळीस वर्षं बोलण्याचंच काम केलं. दृष्टांत कुठं सोडायचा, मृदंगवाल्याला खूण कधी करायची, कुठं थांबलं म्हंजे म्हातारी पदर डोळ्याला लावते, हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. म्हणून भीती वाटते. पाचशे माणसं एका शब्दानं हलवता येतात, मग ती कुणीकडं हलवायची?

एक कबूल करून टाकतो. वीसेक वर्षांमागं, निवडणुकीच्या दिवसांत, एका पुढाऱ्यानं सप्ताहाच्या मंडपाला पत्रे दिले आणि म्हणाला, काल्याच्या कीर्तनात आमच्यासाठी एवढं दोन शब्द टाका. आम्ही टाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी नळावर एक म्हातारी भेटली. म्हणाली, "बुवा, काल गळ्यात माळ कुणाची होती?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. पत्रे अजून आहेत, गळत नाहीत.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो. साने गुरुजींचं.

सगळ्यांना गुरुजी म्हंजे 'श्यामची आई' एवढंच ठाऊक. ते अंमळनेरचे मास्तर. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरून घ्यायचे. आज आपण 'गीता प्रवचने' वाचतो ती त्यांच्या हातची. बघा, सरकारनं माणसं भिंतीआड कोंडली आणि तिथलंच बोलणं घरोघरी पोहोचलं. पण गुरुजी पंढरीला आले ते निराळ्या कामासाठी.

त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणायचे त्यांना आपल्या विठोबाच्या देवळात जाता येत नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ. तिथवर यायचं, कळसाला हात जोडायचे आणि माघारी फिरायचं. चोखोबा बाहेर राहिले, त्यांच्या मागची माणसंही सहाशे वर्षं बाहेरच. सगळ्या वारकऱ्यांनी हे पाहिलं. आम्ही त्यावर कीर्तनं केली, रडलो, लोकांना रडवलं. दार मात्र तसंच राहिलं. नाशकात काळाराम मंदिरासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 पासून सत्याग्रह चालवला, वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. मग बाबासाहेबांनी तो नादच सोडला. देवळाच्या दारात किती दिवस उभं राहायचं, असं त्यांच्या माणसांना वाटलं तर त्यात त्यांचं काय चुकलं?

गुरुजींनी 1946 साली उपासाचं जाहीर केलं. तवा सेनापती बापटांसारखी माणसं म्हणाली, थांबा, आधी लोकांपुढं जा. गुरुजी थांबले. गावोगाव हिंडले. सेवादलाची पोरं गाणी म्हणायची, गुरुजी बोलायचे. त्यांचं बोलणं गडगडाटी नव्हतं म्हणतात. बोलता बोलता स्वतःच रडायचे. तरी कितीक गावांनी विहिरी खुल्या केल्या, देवळं खुली केली. पंढरीचं दार उघडेना. तवा 1 मे 1947 ला, पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात, गुरुजींनी अन्न सोडलं. मठ वारकऱ्याचा होता, हे ध्यानात ठेवा. दार अडवणारे आपले आणि जागा देणारेही आपलेच.

पुढची गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. गांधीजींची तार आली, उपास सोडा. त्यांच्या कानावर निराळंच घातलेलं होतं. गुरुजींनी सगळं आयुष्य ज्यांचा शब्द मानला, तुरुंग भोगला, त्यांचीच तार. इंग्रजाला नाही म्हणणं सोपं, तो परका. बडव्यांना नाही म्हणणंही एक वेळ जमेल. पण आपल्या गुरूला, हात जोडून, नाही म्हणायचं? गुरुजींनी उपास सोडला नाही. दहा-अकरा दिवस गेले. मावळणकर मध्ये पडले, बडवे मंडळी कबूल झाली, दार उघडलं. त्याच वर्षी मुंबई सरकारनं मंदिर प्रवेशाचा कायदाही केला.

आता कुणी म्हणेल, बुवा, उपास म्हंजे धाकच की. मरेन म्हणायचं आणि करून घ्यायचं. हे आम्ही घरातच ऐकलं आहे. आमचे आजे, या दिंडीचे विणेकरी, हेच बोलायचे, "पोटाचा धाक घालून देव बाटवला." आम्ही यावर पुष्कळ विचार केला. गुरुजी घरून उठून थेट उपासाला बसते तर आम्हीही हट्टच म्हटलो असतो. पण आधी महिनोन् महिने समजावत हिंडले, आणि मग जी झीज सोसायची ती स्वतःच्या अंगावर घेतली. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तवा ते तेरा दिवस शिळेवर निर्वाण मांडून बसले. त्यांनी रामेश्वर भटांचं घर नाही अडवलं. पुढं तेच रामेश्वर भट त्यांचे झाले.

आज्यांचं पुढं काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण या स्मरणिकेचा मजकूर आम्हाला वाचून दाखवला, त्यात लिहिलं आहे की आपल्या दिंडीत भेदभाव कधीच नव्हता. वाचून बरं वाटलं. पण खरं नाही.

1947 च्या आषाढीला आपली दिंडी पंढरीला पोचली आणि आजे देवळात गेले नाहीत. कळसाला हात जोडून परतले. त्यांच्या मागं निम्मी दिंडी परतली. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. ते काही वाईट माणूस नव्हते. पिंपळाचं पान तोडताना नमस्कार करणारे. पण जे लहानपणापासून कानावर पडलं तेच त्यांना धर्म वाटलं, आणि विणा त्यांच्या गळ्यात म्हणून लोक त्यांच्या मागं. ही पण सत्ताच की, विण्याची.

आपल्या दिंडीच्या मागं, वीस-पंचवीस हात अंतर ठेवून, गावाबाहेरच्या वस्तीतला एक माणूस दर साली चालायचा. चौथ्या वर्षी तो दर्शन घेऊन बाहेर आला. आजे नामदेव पायरीपाशी उभे होते, पाऊस लागलेला. तो लांबूनच वाकला आणि म्हणाला, "बुवा, तुमच्या वतीनं पण पाया पडलो." एवढंच. आज्यांनी हे आम्हाला आम्ही आठ-दहा वर्षांचे असताना सांगितलं. सांगताना आवाज बसला होता. गुरुजींचा उपास ज्याला हलवू शकला नाही तो त्या एका वाक्यानं हलला. पुढल्या वर्षी आजे आत गेले.

पण पंगत? ती लगेच एक झाली नाही. आम्ही पोरवयात वारीला जाऊ लागलो तवाही तो माणूस वेगळा जेवायचा. आम्ही वाढपी होतो. वरून पोळी टाकायची, हात लागू द्यायचा नाही, असं शिकवलेलं. आम्ही तशीच टाकली. एकदाही विचारलं नाही, हे का. ज्यानं आमच्या आज्यांना देव दाखवला त्याला आम्ही पोळी वरून टाकली. पुढं दोन-तीन तरण्या पोरांनी गुपचूप आपली ताटं उचलली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसली, तेव्हा पंगत एक झाली. भाषण कुणी केलं नाही.

म्हणून संपादक मंडळींना हात जोडून विनंती, ते 'कधीच नव्हता' तेवढं काढा. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, बुवा, शताब्दीला कशाला जुनं उकरायचं, लोक काय म्हणतील. लोक म्हणतील ते म्हणतील. पत्र्याच्या वेळी आम्ही गप्प बसलो नाही, बोलायचं नव्हतं ते बोललो. आता बोलायचं आहे तर गप्प कसे बसू? एक पान द्या. त्या माणसाचं नाव त्याच्या नातवांना विचारून, ते हो म्हणाले तर घाला. ते नको म्हणाले तर नुसती जागा लिहा. मधल्या मुक्कामावर ओढ्याच्या अलीकडं लिंबाचं झाड आहे, त्याच्या पलीकडच्या अंगाला तो बसायचा. झाड अजून आहे. या वारीत तिथं पोचलो की ज्यांना बघायचं आहे त्यांना आम्ही दाखवू.

पुंडलिका वरदा हारी विठ्ठल. पानं मांडली आहेत, चला.