कुलाब्याचे अफगाण चर्च

धारणीहून मुंबईला गेलात, तर कुलाब्यातले अफगाण चर्च जरूर बघा. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत कामी आलेल्यांचे हे स्मारक. १८४७ मध्ये पायाभरणी झाली, १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. मुंबईला विहार तलावाचे पाणी देणारी योजनाही त्याचीच.

इंग्लंडमधल्या गावोगावच्या जुन्या चर्चची गॉथिक घडण इथे मुंबईच्या पिवळसर दगडात उतरली आहे. आत शिरताच टोकदार कमानींची रांग दिसते. पायाखालच्या नक्षीदार फरशा थेट इंग्लंडहून आलेल्या. रंगीत काचांतून येणारा उजेड भिंतींवर पसरतो, तो निवांत उभे राहूनच बघावा. मनोऱ्याचे निमुळते शिखर १८६५ मध्ये पुरे झाले. उंची १९८ फूट! बंदरात शिरणाऱ्या जहाजांना ते लांबून खूण म्हणून दिसे.

मला सर्वांत जास्त भिडतो तो स्मृतिलेख. अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साधे शिपाई मात्र इतके मेले, की त्यांची नावे लिहिणे शक्य नाही, असे तिथेच नोंदवले आहे. त्या शिपायांसाठी तिथे क्षणभर थांबा.