पुतण्यावरची माया, भावांचं वैर



आपल्या कळमेश्वर, काटोल, सावनेरच्या भागात धुऱ्यावरून कोर्टात गेलेले भाऊ कुणाला ठाऊक नाहीत? वीतभर जमिनीपायी दोन घरांमधलं येणंजाणं बंद होतं आणि आपण म्हणतो, लोभ वाईट. पण नागपूरकर भोसल्यांच्या घरात दोन भावांमध्ये जी लढाई झाली, तिच्या मुळाशी लोभ होता तशी मायाही होती. नि:संतान काकाची पुतण्यावरची माया. आज ती हकिगत सांगायची आहे.

नागपुरात भोसल्यांचा पाय रोवला गेला तोच मुळी दुसऱ्यांच्या भाऊबंदकीमुळे. देवगडच्या गोंड राजघराण्यात बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा या भावांचं भांडण लागलं. ते मिटवायला आलेले पहिले रघूजी भोसले १७४३ च्या सुमारास इथले धनी झाले. रघूजींचं स्वतःचं बालपणही ऐकण्यासारखं. त्यांचे चुलते कान्होजी यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांनी या पुतण्याला मुलासारखं वाढवलं. पुढे कान्होजींना मुलगा झाला, मनं दुभंगली, आणि त्याच पुतण्याने एके दिवशी चुलत्याला कैद केलं. काकाने पुतण्याला जवळ घ्यायचं आणि त्यातून वैर उपजायचं, हे या घराण्याला नवं नव्हतं.

रघूजी १७५५ मध्ये गेले. मागे चार मुलगे होते. जानोजी वयाने थोरले, पण धाकट्या राणीचे. साबाजी त्यांचे सख्खे भाऊ. मुधोजी आणि बिंबाजी थोरल्या राणीचे. ‘मी थोरल्या राणीचा, म्हणून गादी माझी,’ असा मुधोजींचा दावा. प्रकरण पुण्याला पेशव्यांपर्यंत गेलं. अखेर जानोजींना ‘सेनासाहेबसुभा’ हे वडिलांचं पद मिळालं. मुधोजींना ‘सेनाधुरंधर’ हा किताब आणि चांद्याचा मुलूख. बिंबाजी छत्तीसगडात रतनपूरला, साबाजी वऱ्हाडात. वाटण्या झाल्या, मनं काही पूर्ण निवळली नाहीत.

जानोजींना पुत्र नव्हता. त्यांचा जीव जडला तो मुधोजींच्या मुलावर. त्याचं नावही आजोबांचंच, रघूजी. ज्या सावत्र भावाने आपल्या गादीवर हक्क सांगितला, त्याचाच मुलगा मांडीवर घ्यायचा! यात माया होती आणि शहाणपणही होतं. दोन राण्यांच्या वंशातलं भांडण या एका मुलाच्या रूपाने मिटेल, असा हिशोब त्यात दिसतो. पण या हिशोबात साबाजी कुठेच बसत नव्हते. इतकी वर्षं बरोबरीने राहिलेला पाठचा सख्खा भाऊ बाजूला आणि सावत्र भावाचं पोर वारस! साबाजींच्या जागी राहून पाहा, म्हणजे त्यांना काय लागलं असेल ते कळेल.

१७७२ मध्ये जानोजी थेऊरला गेले. तिथे माधवराव पेशवे आजारी होते. दत्तकाला त्यांची संमती मिळाली. परतीच्या वाटेवर, मे महिन्यात, जानोजींनाच मृत्यूने गाठलं. रघूजीच्या नावाची वस्त्रं यायची होती, पोर लहान होतं, आणि ज्याचा शब्द सगळे ऐकत तोच माणूस गेला. जानोजींच्या पत्नी दर्याबाई साबाजींच्या बाजूने उभ्या राहिल्या. साबाजींनी कारभार हाती घेतला आणि मुधोजी मुलाचा हक्क मागायला फौजेनिशी निघाले.

१७७३ मध्ये अकोल्याजवळ कुंभारीला दोघांची गाठ पडली. रक्त सांडलं, मग तडजोड झाली, मग ती मोडली. त्याच वर्षी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि तिथेही दोन तट पडले. रघुनाथरावांनी मुधोजींना जवळ केलं, तर बारभाईंचा कल साबाजींकडे. घरातलं भांडण बाहेरच्यांच्या राजकारणाला आयतंच सापडलं.

२६ जानेवारी १७७५. नागपूरच्या दक्षिणेला पाचगावचं मैदान. त्या दिवशी सरशी साबाजींची होती. मुधोजी वेढले गेले. विजय हाती आला असं समजून साबाजींनी आपला हत्ती भावाच्या हत्तीजवळ नेला. मुधोजींनी पिस्तूल झाडलं. साबाजी जागीच गेले. जिंकत आलेली फौज धनी पडल्यामुळे हरली.

पुढे मुलाच्या नावाने मुधोजींनी १७८८ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कारभार केला. रघूजी दुसरे १८१६ पर्यंत गादीवर राहिले. जानोजींची इच्छा शब्दशः पुरी झाली. पण ती त्यांच्या पाठच्या भावाच्या प्रेतावरून पुरी झाली. आणि नियतीचा खेळ पाहा, याच घराण्यातले तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये पुत्राविना वारले, तेव्हा इंग्रजांनी दत्तक नाकारला आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं.

आजही आपल्या गावांत मूल नसलेले काका-काकू पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवतात. त्याच्या शाळेची फी भरतात, संत्र्याच्या बागेत त्याला बरोबर नेतात, बाग त्याच्या नावे करायची असं मनात ठरवतात. त्यात वावगं काही नाही. फक्त एक करावं. ज्या भावाच्या मुलाला काही मिळणार नाही, त्या भावाला आपल्या हयातीत समोर बसवावं आणि आपल्या तोंडून सांगावं. कागद करायचा तो त्यानंतर चार माणसांसमक्ष करावा. तो भाऊ रागावेल, कदाचित दिवाळीला येणार नाही. पण मोठ्या भावावर रागावलेला माणूस पुढेमागे समजूत घालून परत येऊ शकतो. मोठा भाऊच राहिला नाही, की समजूत घालणारं कुणी उरत नाही आणि उरलेले दोघे फक्त वाटेकरी होतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)