नीतिशास्त्राचें पहिलें पुस्तक



नीतिशास्त्र हा पंडितांचा प्रांत, आपण प्रापंचिकांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये, असा समज आपल्यांत रूढ आहे. परंतु संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं आपला 'सुम्मा' ग्रंथ नवशिक्यांकरितां असल्याचें प्रस्तावनेंतच सांगितलें आहे! आजचा नवशिका तो उघडतांच दचकतो, ही गोष्ट निराळी.

म्हणून आरंभ लहान पुस्तकानें करावा. मराठींत वामन मल्हार जोशी ह्यांचा 'नीतिशास्त्रप्रवेश' १९१९ सालींच निघाला. इंग्रजींत जेम्स रेचेल्स ह्यांचें प्रवेशपर पुस्तक १९८६ सालचें. त्याच्या पुढील आवृत्त्यांत आरंभींच एका अर्भकाची हकिकत आहे. १९९२ सालीं फ्लोरिडांत थेरेसा नांवाची मुलगी मेंदूच्या मुख्य भागावांचून जन्मली. ती जगणार नाहीं हें जाणून आईबापांनीं तिचे अवयव इतर बालकांस देऊं केले. जिवंतपणीं ते काढण्यास कायद्याची मुभा नव्हती. नऊ दिवसांनीं ती वारली, तेव्हां ते निरुपयोगी झाले होते.

हें वाचून माझ्या मुलीनें विचारिलें, "बाबा, त्या आईबापांचें काय चुकलें?"

"जीव घेऊं नये," मी म्हणालों.

"पण ती तर जाणारच होती!"

आज्ञा मला पाठ होती. तिचें कारण सांगतां येईना. रेचेल्स दोन्ही बाजूंचीं कारणें मांडून एकेक तपासतात. त्यांचा कल मला पटला नाहीं. परंतु कां पटत नाहीं हें शोधितांना पांचव्या आज्ञेचा मीं प्रथमच खरा विचार केला. मरणोन्मुख लेकरूंही दुसऱ्याच्या उपयोगाचें साधन नव्हे, इतकें मला सांपडलें. मुलीचें समाधान अजून झालेलें नाहीं. पुस्तक सध्यां तिच्याकडेच आहे.