नाडी आणि मज्जातंतू

निरांजनाच्या ज्योतीला बोट लागले की हात तत्क्षणी मागे येतो. दाह मागाहून कळतो. ही आज्ञा मेंदूची नव्हे, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूची. त्यातून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघून देहभर पसरतात. हृदय व आतडी ह्यांचा कारभार तर इच्छेला न विचारताच चालतो.

श्वास मात्र दोन्ही सत्तांखाली आहे. निद्रेत मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा तो चालविते. जागेपणी मनुष्य तो लांबवू शकतो. सावकाश उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती किंचित उतरते. मनगटावर बोटे ठेवून कोणीही पाहावे. प्राणायामाचे शारीर मर्म ते हेच.

तथापि इडा-पिंगला म्हणजे मज्जातंतूच, असे जे कित्येकदा प्रवचनांतून सांगितले जाते, ते ग्राह्य नव्हे. योगशास्त्रातील नाडी हा ध्यानाचा विषय. मज्जातंतू शवविच्छेदनात सुरीखाली दिसतो. हा घोटाळा केवळ शब्दांचा असता तर सोडूनही देता आला असता. परंतु मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, आणि घरचे ‘नाडीशुद्धी’ करीत बसले, तर गुठळी विरघळविणारे औषध देण्याची वेळ निघून जाते. ती वेळ सामान्यतः पहिल्या साडेचार तासांचीच असते.