बालाघाटावरील पाण्याचा जमाखर्च

धाराशिव जिल्ह्याचा नकाशा उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला त्यांत नद्यांच्या निळ्या रेघा दिसतात. परंतु त्या एकमेकींकडे पाठ करून कां वाहतात, हें नकाशा आपण होऊन सांगत नाहीं. बालाघाटाचें पठार या जिल्ह्यांतून गेलेलें आहे. त्याच्या एका उतारावर पडलेला पावसाचा थेंब तेरणेला मिळतो, तेरणेबरोबर मांजरेंत जातो आणि मांजरेबरोबर गोदावरींत. दुसऱ्या उतारावरचा थेंब सीना किंवा बोरी या नद्यांच्या वाटेनें भीमेंत व पुढें कृष्णेंत जातो. एकाच ढगांतून निघालेले दोन थेंब चार हातांच्या अंतरामुळें दोन निराळ्या नद्यांचे होतात, आणि शेंकडों कोसांचा प्रवास करून अखेरीस एकाच बंगालच्या उपसागरास मिळतात. ज्या भूभागावरचें पाणी एका प्रवाहाकडे उतरतें, त्यास पाणलोट क्षेत्र म्हणतात. गांवाची आणि सात-बाऱ्याची सीमा माणसानें आंखली; पाणलोटाची सीमा उतारानें आंखलेली आहे. पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासाचा आरंभ या कल्पनेपासून केला, तर पुढील पुष्कळ गोष्टी सुलभ होतात.

दुसरी कल्पना परिसंस्थेची. आर्थर टॅन्स्ले या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें १९३५ सालीं ती शास्त्रांत रूढ केली. झाडें, गवत, किडे, पक्षी, जनावरें आणि त्यांच्याबरोबर माती, पाणी, हवा व ऊन हीं सर्व मिळून एक संसार चालवितात, आणि त्यांतील एकाच्या व्यवहाराची झळ दुसऱ्यास लागल्यावांचून राहत नाहीं, असा तिचा अर्थ. येडशीनजीकचें रामलिंग घाटाचें रान १९९७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. २०२४ सालच्या डिसेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वराच्या रानांतून निघालेला एक वाघ शेंकडों किलोमीटर चालून येथें आल्याचें आढळलें. वाघाला रानडुक्कर किंवा नीलगाय लागते, त्यांना गवत व पाला लागतो, गवताला माती लागते आणि मातीला ओलावा लागतो. म्हणजे वाघाच्या मुक्कामाचा प्रश्न शेवटीं ओलाव्यापाशीं येऊन थांबतो. आणि माणसाच्या मुक्कामाचा प्रश्नही तेथेंच येतो.

हा ओलावा सांठतो कोठें? सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला; जिल्ह्याची जमीन त्याच्यावर बसलेली आहे. गंगेच्या खोऱ्यांतील वाळूचे खोल थर जसें भरपूर पाणी पोटांत धरतात, तसें या खडकाला जमत नाहीं. वरच्या मुरुमांत आणि खडकाच्या भेगांत जेवढी जागा असेल तेवढेंच पाणी येथें मावतें. शंभर घनफूट खडकांतून सामान्यतः एक ते तीन घनफूट पाणी हातीं लागतें. जुन्या विहिरी या वरच्या थरावर चालत. आतांची विंधन विहीर, जिला सर्वजण बोअर म्हणतात, शेंकडों फूट खालीं जाऊन खोल भेगांतलें पाणी उपसते. त्या भेगा मात्र बांधापाशीं थांबत नाहींत. एकाचा पंप अधिक तास चालला, कीं शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसूं लागतो. मग तोही आणखी खोल बोअर घेतो. दोघांच्याही डोक्यावर कर्ज चढतें, पण भेगांतील पाणी तेवढेंच राहतें.

येथें थोडें गणित करणें अवश्य आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी झालें. जिल्ह्यांत सरासरीनें वर्षाला ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे हेक्टरी जमा ७० ते ८० लाख लिटरांची. त्यांतील बरेंचसें वाफ होऊन उडून जातें, कांहीं ओढ्यानें वाहून जातें आणि थोडेंच मुरतें. आतां खर्चाची बाजू पाहावी. ज्वारीच्या पिकाला सुमारें ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी पुरतें. उंसाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर लागतें. ज्वारीचा खर्च जमेंत बसतो. उंसाचा खर्च जमेच्या दुप्पट-तिप्पट होतो, आणि तो भरून काढण्यास धरणांतलें अथवा इतरांच्या शेताखालचें पाणी आणावें लागतें.

या आंकड्यांचा अर्थ २०१६ सालच्या उन्हाळ्यानें स्पष्ट केला. शेजारच्या लातूर शहराला पाणी देणारें मांजरा धरण कोरडें पडलें, तेव्हां एप्रिलमध्यें मिरजेहून कृष्णेचें पाणी भरून रेल्वेगाडी लातुरास धाडण्यांत आली. ती धाराशिवावरूनच जात असे. कृष्णेच्या खोऱ्यांतलें पाणी गोदावरीच्या खोऱ्यांत लोखंडी रुळांवरून नेण्याची वेळ आली होती. पुढें पन्नास वाघिणींच्या गाडींतून एका खेपेस २५ लाख लिटर पाणी जाऊं लागलें. हें पाणी म्हणजे एका हेक्टरावरील २५० मिलिमीटर पाऊस. आणि एक हेक्टर उंसाला २,००० मिलिमीटर पाणी धरलें, तर तशा आठ गाड्या त्याला एका पिकासाठीं लागतील.

म्हणून ऊंस लावणाऱ्या शेतकऱ्यास दोष देऊन शहरांतील वाचक-श्रोत्यांस मोकळें होतां यावयाचें नाहीं. त्यांच्या चहांतील साखर अशाच शेतांतून येते. शिवाय उंसाचा दर कायद्यानें बांधलेला असून कारखाना तो ठरल्या ठिकाणीं घेतो. ज्वारी-तुरीचे हमीभाव जाहीर होतात, परंतु त्या भावानें माल उचलणारा दरवेळीं भेटतोच असें नाहीं. लेकराबाळांचा विचार करणाऱ्या गृहस्थानें खात्रीचें पीक निवडलें, तर त्यांत अविचार कसला? एका शेतापुरतें पाहिलें तर हा निर्णय शहाणपणाचा ठरतो. सगळ्या पाणलोटानें तोच केला म्हणजे सर्वांच्या विहिरी आटतात. एकाचें हित आणि सर्वांचें हित यांतील हा विरोध समजणें, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे.

पाऊस अधिक पडला म्हणजे सर्व भागेल, हीही समजूत पुरती खरी नाहीं. २०२५ सालच्या सप्टेंबरांत भूम व परांडा या तालुक्यांत अतिवृष्टीनें महापूर आला. पिकें गेलीं, जनावरें गेलीं आणि कित्येक शेतांतील सुपीक मातीही वाहून गेली. शतकांत जमणारी माती एका रात्रींत जाते, आणि तिच्याबरोबर पाणी धरून ठेवण्याची शक्तीही जाते. पाण्याला थोपवून धरण्याची कला या भागास नवीन नाहीं. नळदुर्गच्या किल्ल्यांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं, १६१३ सालीं, बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आजही उभा आहे, आणि पावसाळ्यांत त्याच्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात. बंधारा पाण्याला उसंत देतो. तें किती वापरावें, हें मात्र माणसांनींच ठरवावें लागतें.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें हें ठरवून दाखविलें. तेथें बांधबंदिस्ती व झाडें लावण्याबरोबरच शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी झाली, उंसाला आळा घातला गेला, आणि पडलेला पाऊस मोजून ग्रामसभा पिकांचा विचार करूं लागली. तें गांवही पर्जन्यछायेंतलेंच आहे.

धाराशिवच्या विद्यार्थ्यास आरंभासाठीं मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाहीं. शाळेच्या अंगणांत एक पर्जन्यमापक बसवावा, गांवांतील चार विहिरी निवडाव्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या दिवशीं दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजून वहींत लिहावें. तीन पावसाळे अशी वही भरली, कीं गांवाची जमा किती आणि खर्च किती, हें तिच्यांत दिसूं लागेल. ग्रामसभेंत पिकांची चर्चा निघेल त्या दिवशीं ती वही तेथें वाचली जावी.